हातात फोन नसताना

तेव्हा मी साठीची तरणीताठी होते आणि महिला मंडळाची अध्यक्षही, त्यामुळं मला न कळणारं जगात काही उरलंच नव्हतं. गेमपायी कुणाचं पोरगं घर सोडून गेलं, कुणी आईवर हात उगारला, अशा बातम्या रोज यायच्या. मोबाईल वाईट, हे मला मोबाईलनंच सांगितलं होतं. मी ते चष्मा लावून वाचायची आणि लगेच पुढच्या बाईला पाठवायची.

माझी नात नववीत होती. बापाच्या फोनवर बंदुकीचा गेम खेळायची, हे खरं. मग एके दिवशी जेवता जेवता ती थांबली. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. ओठ चाटत होती आणि उजव्या हाताची बोटं ओढणीवर चाळवत होती. हाक मारली तर ओ नाही. थोड्या वेळानं भानावर आली आणि म्हणाली, "सगळी माझ्याकडं का बघायलाव?"

मी निदान केलं: पोरगी फोनशिवाय गेम खेळायला लागली.

मारुतीच्या देवळापुढं सभा भरवली. माइक अर्थातच माझ्या हातात. लोकांना नमुना दिसावा म्हणून नातीला शेजारी उभं केलं आणि तिला तिथंच तसं झालं. बायकांनी तोंडाला पदर लावले. "अगं बया, बोटं बघा कशी चालल्यात." माझ्या आवाजाला आणखी धार चढली. पोरांच्या हातात फोन द्यायचा नाही, असा ठराव झाला. कुणीतरी मोबाईलवर सभेचा, नातीच्या बोटांसकट, व्हिडिओ काढला. तो लातूर, सोलापूरपर्यंत फिरला. माझ्या भाषणाचं कौतुकही आलं. खोटं कशाला बोलू, ते मी परत परत वाचलं.

फोन काढून घेतला तरी बोटं थांबेनात. लोक म्हणाले, गेम डोक्यात शिरलाय, दोन ठेवून दिल्या की उतरेल. तिच्या बापानं तेही करून बघितलं.

एका सकाळी ती भाकरी करत होती. भाकरी उलटताना हात तव्यावर टेकला आणि तिथंच राहिला. बोटं तव्यावर चाळवत होती. सुनेनं धावत जाऊन मनगट ओढलं. कातडी तव्याला चिकटून राहिली. भानावर येईपर्यंत पोरगी ओरडलीसुद्धा नाही.

सून माझ्याकडं वळली. "आत्या, खेळत असती तर हात मागं घेतला असता की हो." आवाज न चढवता बोलली ती. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

उमरग्याच्या डॉक्टरांनी हात बांधला, मग बोटांचं सगळं विचारून घेतलं. डोक्याची तपासणी झाली. मिरगी आहे, म्हणाले. प्रत्येक वेळी हातपाय झाडतातच असं नाही. गेमनं आलेली नाही. गोळ्या चुकवू नका आणि शाळेत सांगून ठेवा.

दवाखान्याच्या पायरीवर माझा मुलगा थांबला. "शाळेत काय सांगायचं न्हाय. गेमचा नाद होता म्हणायचं. नाद सुटतो. मिरगी म्हणलं की दारात स्थळ उभं ऱ्हायचं न्हाय."

सुनेनं गोळ्यांची चिठ्ठी पदरात बांधली. मी मान डोलावली. माझी सभा आता घराच्या उपयोगाला आली होती.

गोळ्यांनी फरक पडला, पण सगळं थांबलं नाही. दहावीत एकदा वर्गातच तसं झालं. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला. पोरींनी फोन शोधायला तिचं दप्तर पालथं केलं. सरांनी हाक मारली, ती बघेना, तेव्हा कानाखाली दिली. घरी आली ती गालावर वळ घेऊन. मार कशाचा, हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलाला न सांगता मी तिच्याबरोबर शाळेत गेले. माइक नव्हता, आणि एवढी बोलकी मी, वर्गासमोर चारच वाक्यं बोलले. म्हणलं, "हिला मिरगी हाय. असं झालं की जवळ थांबा, मारू नका. गेमचं मी म्हणले होते. मला काय कळतंय त्यातलं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "मावशी, आधी सांगायचं ना." मग जरा थांबून म्हणाले, "पण मोबाईल वाईटच."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मुलगा एवढंच म्हणाला, "पोरीचं वाटोळं केलंस." तेव्हापासून मी ताट पुढं ठेवलं तरी तो माझ्याशी बोलत नाही.

पुढच्या खेपेला गोळ्या आणायला आम्ही दोघीच गेलो. उमरग्याच्या स्टँडवर बसलो असताना तिनं विचारलं, "आजी, आता माझं लग्न व्हणार न्हाय का?"

"न्हाय झालं तर न्हाय," मी म्हणलं. "माझं झालं होतं, मी बघितलंय त्यात काय असतंय ते."

असल्या बोलण्यावर ती एरवी हसते. हसली नाही. पाण्याची बाटली मागितली. समोरच्या बाकावर आमच्याच गावची एक बाई बसली होती. नातीनं तिच्याकडं पाठ केली आणि गोळी गिळली.