गोपीनाथनं न दिलेला शब्द

गोपीनाथ खंडारे दिसायला कसा, तर उन्हात वाळत घातलेल्या अंबाडीसारखा. अंगावर मांस नाही, गालावर देवीचे वण, आवाज मात्र विहिरीतून यावा तसा. दर्यापूरकडच्या गावात त्याचा बाप दंडारीत नाचायचा, म्हणून सोंगाढोंगाचं वेड पोराच्या रक्तातच. भोपाळच्या कारखान्यात तो कॉइल गुंडाळायच्या खात्यात लागला आणि वसाहतीतल्या मराठी मंडळात जाऊन उभा राहिला. मंडळाची नाटकं सुधाकरराव कोठे लिहीत आणि बसवीत. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "गोपीनाथ, तू विंगेत बस. नाटकाला तुझा आवाज पाहिजे, तोंड नको."

असा तो प्रॉम्प्टर झाला. यंत्रांच्या घरघरीत दहा हातांवरच्या माणसाला शब्द पोचवायची सवय त्याला खात्यात लागलीच होती. नट अडला की आख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिला शब्द तेवढा द्यायचा, आणि तो नटाचा श्वास संपायच्या आत. पहिल्या रांगेला कळता कामा नये. नटाला तर वाटलं पाहिजे की शब्द आपल्याच डोक्यातून आला. आठ वर्षांत गोपीनाथच्या हातून एकही नट पडला नव्हता. पडली ती कमलिनी, आणि त्या एका शब्दापायी हा माणूस पुढं तीस वर्षं पोळत राहिला.

सहासष्ट सालची गोष्ट. कारखान्यात तेव्हा विलायती तज्ज्ञ होते. त्यातल्या एकाच्या बायकोनं सुधाकररावांना चहाला बोलावून ऑपेराची तबकडी ऐकवली आणि तिची गोष्ट सांगितली. राजकन्या शत्रूच्या सेनापतीवर जीव टाकते, तो गादीसाठी दुसरीशी सोयरीक करतो, मग ही विष पिते आणि पंधरा मिनिटं गाते.

"विष पिऊन गाते?" गोपीनाथ म्हणाला. "आमच्या गावची बाई तं एन्ड्रिन पेली का आंगनातच पडते."

"म्हणून तुझ्या गावात संगीत नाटक होत नाही," सुधाकरराव म्हणाले, आणि महिन्याभरात त्यांनी त्या गोष्टीला फेटा बांधून, शालू नेसवून तीन अंक, सात पदं आणि एक मरण असं गणेशोत्सवासाठी नाटक लिहून काढलं.

राजकन्या झाली कमलिनी देशकर. नागपूरची, वसाहतीच्या शाळेत मास्तरीण, भावाकडं राहायची. गळा असा की पेटीवाला वाजवायचं विसरून ऐकत बसे. सेनापती झाला श्रीकांत आगाशे, पुण्याचा इंजिनिअर, गोरा, उंच. त्याचं आणि कमलिनीचं जुळतंय हे वसाहतीतल्या दूधवाल्यालाही ठाऊक होतं. पण तालमी सुरू झाल्या आणि श्रीकांतला वीजघराच्या कामावर बाहेर धाडलं. मंडळाची रीत अशी की जो नट गैरहजर, त्याचं काम प्रॉम्प्टरनं वाचायचं. सहा आठवडे सेनापती झाला गोपीनाथ.

हातात वही, अंगात ग्रीसचा वास, आणि समोर कमलिनी. तिला गायला समोर चेहरा लागायचा. ती त्याच्याकडं बघून गायची. दुसऱ्या अंकात ती सेनापतीचा दंड धरते. तालमीत ती गोपीनाथचा धरायची आणि पद संपलं की सोडून पाणी प्यायला जायची. तिनं दंड धरला तो प्रवेशापुरता. गोपीनाथनं तो घरी नेला. बायको मंगला पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. रिकाम्या क्वार्टरात हा गडी भात शिजवता शिजवता सेनापतीची भाषणं म्हणायचा, आणि त्याला वाटायचं की आपण वाचत नाही, बोलतो आहोत.

खेळाला चार दिवस राहिले आणि श्रीकांत परतला. नाटक निम्मं विसरलेला.

"गोपीनाथ, आता सगळं तुझ्यावर हं," तो हसून म्हणाला.

झालंही तसंच. खेळाच्या दिवशी सेनापतीची प्रेमाची वाक्यं गोपीनाथ विंगेतून एकेक करून देत होता आणि श्रीकांत ती तिच्या डोळ्यांत बघून म्हणत होता. आपल्या ताटातला घास आपणच उचलून दुसऱ्याला भरवायचा, तसं. लोक टाळ्या वाजवत होते श्रीकांतला.

दुसऱ्या अंकानंतर गोपीनाथ चहा घ्यायला मागं गेला, तिथं श्रीकांतची आई उभी होती. पुण्याहून खास मुलगी पाहायला आलेली. कुणाला तरी म्हणत होती, "गळा बरा आहे. शेवटचं पद नीट पार पाडलंन तर उद्या तिच्या भावाशी बोलून घेते."

गोपीनाथचा चहा तसाच राहिला.

तिसऱ्या अंकात राजकन्येनं सेनापतीसमोर विषाचा पेला उचलला. शेवटच्या पदाची अस्ताई झाली. अंतऱ्याचा पहिला शब्द होता 'साक्ष'. कमलिनीनं श्वास घेतला आणि थांबली. तबलजीनं ठेका चालू ठेवला, एक आवर्तन गेलं. तिनं मान किंचित विंगेकडं वळवली. गोपीनाथच्या जिभेवर शब्द तयार होता. त्यानं ओठ दाबून धरले.

दुसरं आवर्तन गेलं. तिसरं. मागून शिट्टी आली. सुधाकररावांनी स्वतः धावत जाऊन पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी श्रीकांतची आई पुण्याला गेली, आणि दोन महिन्यांत श्रीकांतनंही बदली मागून घेतली. कमलिनी पुन्हा गायली नाही. तिनं लग्नही केलं नाही. आणि गोपीनाथला कुणी बोल लावला म्हणता? उलट लोक त्याची पाठ थोपटायचे. "तू तर जीव तोडून देत असशील रे. तिलाच ऐकू आलं नाही. कानात दोष आहे तिच्या." बोलता बोलता ते पक्कं झालं. कमलिनी कानात कापूस घालू लागली, समोरच्याला दोनदा विचारू लागली. गोपीनाथनं ते पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. विंगेत मात्र त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही.

नोकरी होती तोवर निभलं. यंत्रांच्या घरघरीत माणसाला स्वतःचं मन ऐकू येत नाही. पण रिटायर होऊन साकेत नगरात घर बांधलं, आणि तिथली दुपार अशी गप्प की गोपीनाथच्या कानात ठेका सुरू झाला. तबल्यावर आवर्तन फिरतंय, वर कुणी गात नाही. आणि भिंतीपलीकडं कुणीतरी मान वळवून उभं आहे, त्याच्या तोंडाकडं कान लावून. महिनाभरात तो अर्धा झाला. शेवटी मंगलानं त्याच्या पोटातलं सगळं काढून घेतलं, दंडासकट. मग म्हणाली, "मी तिकडं बाळंतीन, अन् तुमी इकडं सेनापती! चांगलं हाय. आता जा अन् त्या बाईले खरं सांगून या. नाई तं हे तबला वाजवनारं भूत माह्या घरातून जानार नाई."

कमलिनीबाई भोपाळातच, कोटरा सुल्तानाबादेत राहत होत्या. केस पिकलेले, एका कानात कापूस. त्यांनी गोपीनाथला ओळखलं, खुर्ची दिली आणि पुन्हा मटार सोलायला बसल्या. गोपीनाथ मोठ्यानं बोलू लागला.

"हळू बोला, गोपीनाथभाऊ. शेजारी ऐकतील."

तो आवाज उतरवून म्हणाला, "बाई, तुमच्या कानाचा दोष नोयता. त्या दिवशी मी शब्द देल्लाच नाई. मुद्दाम. तोंड दाबून बसलो होतो."

त्यांचे हात थांबले. "काहीतरीच काय! दिला होता तुम्ही."

"नाई देल्ला."

"दोनदा दिलात. 'साक्ष'. आधी हळू, मग जरा चढ्या आवाजात. तुमचा आवाज मी ओळखणार नाही होय?"

"मंग म्हटला काऊन नाई?"

"श्रीकांत आईकडं बघत होता," त्या म्हणाल्या. "मी विष हातात घेऊन उभी, आणि हा पहिल्या रांगेतला चेहरा वाचतोय. म्हटलं, याच्यासाठी मरायचं? खोटं खोटंसुद्धा नको."

"अन् कान?"

"कानाचं लोकांनी ठरवलं. मला बरं पडलं. बहिरीला कोण बघायला येतं? मीही घातला कापूस. शाळेतसुद्धा हवं तेवढंच ऐकायचं."

गोपीनाथ उठून उभा राहिला. त्याला राग आला होता, आणि कशाचा ते कळत नव्हतं. "बाई, मी तीस वर्सं... माहे ओठ दाबलेले होते. मले ठाऊक हाय ना!"

कमलिनीबाईंनी शेंगा पुन्हा हातात घेतल्या. "तुम्हाला पाप पाहिजेच असेल तर दुसरं शोधा, भाऊ. हे माझं आहे."

तो घरी आला. मंगलानं विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. तिनं पोळी तव्यावरून उतरवली आणि म्हणाली, "मंग कोन बोललं?"

त्या दिवसापासून ठेका थांबला खरा, पण स्वतःच्या तोंडावरचा त्याचा भरवसा उडाला. दुपारी अंग टाकण्याआधी तो मंगलाला बजावायचा, "झोपेत मी काही बोललो तं ध्यान ठेवजो."

आठवडा गेला. मग एकदा तांदूळ निवडता निवडता सहज बोलली, "बोलता तुमी. रोजच बोलता."

"काय?"

"एकच शब्द. मंग थांबता, वाट पायता. अन् मंग असे हसता, जसं कोनी पुढचं म्हनून रायलं."

गोपीनाथ त्या दुपारी झोपला नाही. त्यानंतरच्या कुठल्याच दुपारी झोपला नाही.