चर्चच्या नकाशातली बाकं

बडोद्याच्या कडेच्या छाणीतल्या चर्चचं काम आमच्या ऑफिसात आलं तेव्हा मला नोकरीला लागून थोडेच महिने झाले होते. बांधकामाच्या नकाशांचं ऑफिस शहरात, सयाजीगंजमध्ये, एका खानावळीच्या वर. आमचे सर बडोद्याच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या बांधकाम खात्यात होते. मी नंदुरबारकडच्या एका लहान गावातून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. मुलाखतीत सरांनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवून मी हाताने काढलेले नकाशे बघितले आणि म्हणाले, "उद्यापासून ये ने." ते तीन शब्द मी आईला फोनवर जसेच्या तसे सांगितले होते.

पाळकसाहेब, म्हणजे त्या मंडळीचे धर्मगुरू, पहिल्यांदा आले तेव्हा हातात फक्त प्लॉटचे कागद होते. मंडळीतले बहुतेक जण छाणीच्या लहान कारखान्यांत कामाला. चर्च नव्हतं, आणि एका घरात सगळे मावत नसत, म्हणून रविवारी तीन घरांत तीन प्रार्थना होत. पाळकसाहेब स्कूटरवरून एकीकडून दुसरीकडे धावत.

"माझ्या मंडळीतल्या कितीतरी लोकांनी एकमेकांना नीट पाहिलेलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "सगळे एका छपराखाली बसले पाहिजेत. बाकी तुम्ही काढाल ते चालेल."

सरांनी ते काम मला दिलं. प्लॉट बिनशेती झालेला होता. पण धार्मिक वापरासाठी कलेक्टर कचेरीची मंजुरी वेगळी, आगीच्या सोयींचा दाखला वेगळा, मनोरा हवा तर विमानतळाची ना-हरकत, शिवाय शेजाऱ्यांच्या हरकती, आणि हे सगळं जमलं की महापालिकेची बांधकाम परवानगी, जिला इथे रजाचिठ्ठी म्हणतात. मी नियमांचं पुस्तक घरी नेलं. परीक्षेसाठीही कधी वाचलं नव्हतं इतकं बारकाईने वाचलं.

चर्च मी आतून एकदाच पाहिलं होतं, कॉलेजात असताना. तिथे बाकांच्या रांगा होत्या. त्या आठवून मी नकाशात बाकं काढली, मधून वाट ठेवली, दर्शनी बाजूला मंडप आणि उंच मनोरा दाखवला. नकाशा घेऊन पाळकसाहेबांच्या अंगणात गेलो. मंडळीतली वडीलधारी माणसं त्याभोवती वाकली. कोणीतरी बाकांवरून बोट फिरवलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पसंत पडलं.

पुढच्या आठवड्यात सह्या घ्यायला पुन्हा गेलो. ओसरीत नवं कोरं लाकडी बाक होतं, आणि त्यावर एक म्हातारी पाय लोंबकळत ठेवून, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसली होती. सगळे तिला बा म्हणत. शेजारी दोघी-तिघी हसून बेजार झाल्या होत्या.

"बा, काय चाललंय?" मी गुजरातीत विचारलं.

"प्रॅक्टिस," एक बाई म्हणाली. "कालपासून दोनदा घसरली."

"हसा, हसा," बा म्हणाली. "तुमचीही पाळी येईल. बेटा, पायाला मुंग्या आल्या रे. प्रार्थना करू की पाय सांभाळू? पण आ तो सरकारनो कायदो छे ने?"

"कसला कायदा?"

"चर्च पाहिजे तर बाक पाहिजे. तू नाही का काढलंस नकाशात?"

मग उलगडा झाला. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून प्रार्थना करणारी. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे ढोलक. नकाशात बाकं दिसली तेव्हा त्यांना वाटलं, हा परवानगीचाच भाग असणार. सरकारी माणसाशी वाद कशाला, म्हणून मंडळीतल्या सुताराने लगेच एक बाक करून आणलं होतं, सवय व्हावी म्हणून. मी सरकारी माणूस नाही हेही त्यांना मी नीट सांगितलं नव्हतं. आणि मला वाटत होतं, चर्च म्हटलं की बाकं हवीतच. मी त्यांचा रिवाज पाळत होतो, ते माझा.

"बा, असा काही कायदा नाही," मी म्हणालो.

बा दाराशी उभ्या असलेल्या सुताराकडे वळून म्हणाली, "घेऊन जा रे तुझा घोडा!" आणि उतरून जमिनीवर मांडी घालून बसली.

ऑफिसात येऊन मी बाकं पुसायला घेतली तेव्हा सरांनी मला थांबवलं.

"जरा विचार कर ने. बाकं आहेत तोवर माणसं मोजलेली आहेत. जेवढी जागा तेवढी माणसं. बाकं पुसलीस की मोकळ्या जमिनीवर किती मावतील तो हिशेब धरतात. आकडा दुप्पट होईल. मग दारं वाढव, पार्किंग वाढव. प्लॉट काय रबरचा आहे?"

"मग काय करायचं सर?"

"राहू दे बाकं नकाशात. रजाचिठ्ठी मिळाली की कोण बघायला येतंय? बधा एमज करतात, सगळे असंच."

सरांच्या बोलण्यात लबाडी नव्हती; त्या लोकांना चर्च मिळावं एवढंच त्यांच्या मनात होतं. मी पाळकसाहेबांना बोलावून दोन्ही वाटा समोर ठेवल्या. बाकं दाखवली तर काम सोपं. नाही दाखवली तर पार्किंगसाठी मनोरा आणि पुढचा मंडप जाणार, आणि तरीही मंजुरीची खात्री नाही.

पाळकसाहेब नकाशातल्या मनोऱ्याकडे बघत होते. तो त्यांना फार आवडला होता, हे मला माहीत होतं.

"आणि कधी तपासायला कोणी आलं तर?" त्यांनी विचारलं. "मी काय धावत जाऊन बाकं मांडू? माझे गुडघे आधीच गेलेत." मग हसू आवरून म्हणाले, "नको साहेब. माझी माणसं जमिनीवर बसतात. तसंच लिहा. मनोरा नंतर कधीतरी."

ते गेल्यावर सरांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि माझ्या नकाशावरच, दोन्ही लांब भिंतींत एकेक करत दारं काढायला लागले. "दारं मागतात ने? मग देऊ दारं. भिंत कमी, दारं जास्त. उन्हाळ्यात वारा येईल." मंडपाच्या आणि मनोऱ्याच्या जागी गाड्या उभ्या राहणार होत्या. सभागृह थोडं अरुंद झालं. सगळे मावतील का, एवढी एकच शंका उरली. कागदावर मावत होते. पण माणसं कागदासारखी बसत नाहीत.

हरकतींच्या सुनावणीला शेजारच्या सोसायटीचे एक काका आले होते. "चर्चला आमचा विरोध नाही, पण रविवारी आमच्या गेटसमोर गाड्या लागल्या तर आम्ही जायचं कुठून?" त्यांची काळजी खरी होती. अधिकारी बाईंनी नकाशा त्यांच्याकडे सरकवून पार्किंग दाखवलं. काकांनी चष्मा लावून बोटाने गाड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाले, "हे एवढं ठेवणार असतील तर ठीक आहे. पण लाउडस्पीकर हळू हां."

"आमच्याकडे ढोलक आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"ढोलक चालेल. आमच्याकडे नवरात्रात काय कमी असतं?"

बाई अजून नकाशात बघत होत्या. "बैठक जमिनीवर दाखवलीत? बहुतेक जण बाकं दाखवतात."

सर छताच्या पंख्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "मॅडम, हे लोक खाली बसतात."

"बरं झालं खरं दाखवलंत. नाहीतर एवढं पार्किंग नसतं आणि ही हरकत तशीच राहिली असती," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

रजाचिठ्ठी काही महिन्यांनी आली. मधे दोनदा त्रुटी निघाल्या, एकदा पाण्याच्या टाकीची, एकदा सहीची. त्या मी पुऱ्या केल्या. गावी फोन केला तेव्हा वडिलांना ही काय भानगड आहे ते नीट समजलं नाही, "लोकांचं काम झालं ना?" एवढं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

पायाची आखणी रविवारी सकाळी ठेवली. मी आणि गवंड्याने चुन्याच्या रेघा मारल्या, दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या. पाळकसाहेबांनी त्या दिवशी तिन्ही घरांतल्या प्रार्थना बंद ठेवून सगळ्यांना प्लॉटवर बोलावलं होतं. माणसं आली, आणि कोणी न सांगता दारांच्या जागांतूनच आत शिरली. चुन्याची रेघ ओलांडून कोणीच आलं नाही. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. जागा भरत गेली तशी माझी धाकधूक वाढली. अजून माणसं रस्त्यावरून येतच होती.

"सरका गं," बा पुढून ओरडली. "एवढ्या ऐसपैस काय बसल्यात, जेवायला वाढायचंय का?"

हसत हसत ओळी आवळल्या. तिसऱ्या घरातले लोक पहिल्या घरातल्यांना नावं विचारत होते. एका बाईने अनोळखी शेजारणीचं मूल मांडीवर घेतलं, तेवढीच जागा झाली. मी टेप हातात धरून कोपऱ्यात उभा होतो.

"एन्जिनियरभाई, उभे का? तुम्हाला मोजलं नाही की काय?" सुतार म्हणाला आणि सरकला. मी बसलो. पाळकसाहेब समोर उभे राहिले, पण बोलायला सुरुवात न करता ते उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून एकेक दार बघत गेले. शेवटच्या दारापर्यंत. रेघेबाहेर कोणी राहिलं नव्हतं.