रूटलाही न उघडलेलं 'घर'

आधीच सांगते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. वाशिम जिल्ह्यात मालेगावला बसस्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास आहे. मशीनला नजर लागली म्हणणाऱ्याला मी आधी झापते, मग प्लग नीट लावून देते. तेव्हा खुशाल हसा... पण शेवटपर्यंत वाचून हसा.

माझा मामेभाऊ अनिलदादा कामरगावला लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. गेल्या उन्हाळ्यात हार्ट अटॅकने गेला. चाळिशीही गाठली नव्हती हो त्याने. पावसाळ्यात एका दुपारी मामा आणि रेखावहिनी क्लासवर आले. वहिनीच्या हातात दादाची हार्डडिस्क. गावातल्या दुकानात ती विंडोजच्या मशीनला लावली, तर मशीनने 'फॉरमॅट करायची का', म्हणजे सगळं पुसून टाकायचं का, असं विचारलं, आणि दुकानदार हो म्हणण्याच्या बेतात होता. वहिनीने वायरच उपटली. दादा विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या सिस्टिमवर काम करायचा, तिथल्या पद्धतीने बनवलेली डिस्क विंडोज सरळ वाचत नाही.

मामा चहाला खाली उतरल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, साऱ्या तालुक्याचे लग्नं काढले त्यायनं, पन सोता कोन्याच व्हिडिओत नाई. यात 'घर' म्हनून फोल्डर हाय, तेवढ्यातच दिसतात ते. पोरगी रोज बापाले पाहाचं म्हनते."

मी म्हटलं, एवढंच ना, आत्ता उघडते. बोलणं सोपं होतं.

माझ्याकडेही लिनक्स आहे. बाकीची फोल्डर्स उघडली, 'घर'वर मात्र कुलपाची खूण. यात नवल नव्हतं — लिनक्स फाइलचा मालक नावाने नाही, नंबराने ओळखतं. दादाचा नंबर माझ्या मशीनवर कुणाचाच नाही, म्हणून परवानगी नाही. अशा वेळी रूट व्हायचं, म्हणजे त्या मशीनचं सर्वेसर्वा, आणि मालक बदलून टाकायचा. मी कमांड दिली. उत्तर आलं — परवानगी नाही. रूटला! तहसीलदाराला त्याच्याच शिपायाने दारात अडवावं तसं.

मी इरेला पेटले. डिस्कवर लिहायला बंदी होती का? नाही, शेजारीच नवी फाइल बनत होती. फाइलला बदलबंदीची खूण लावता येते, तीही नव्हती. मशीन बदललं, केबल बदलली... उत्तर तेच.

एव्हाना मामा परत येऊन बसले होते. ते हळूच म्हणाले की दहाव्यालाही असंच झालं. पिंडाला कावळा शिवेना. पोरीला शिकवू, शेत सांभाळू, सगळं कबूल केलं, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं. मी चिडून म्हटलं, मामा, इथे कावळ्याचा काय संबंध?

वहिनी मात्र उठली. डोक्यावर पदर घेतला, पिंडासमोर जोडतात तसे डिस्कसमोर हात जोडले आणि म्हणाली, "कॅमेरा मी ईकू देनार नाई. शूटिंग मीच करीन. तुमी शिकवलं ते वाया जाऊ देनार नाई."

कॅमेऱ्याला गिऱ्हाईक मामांनीच पाहून ठेवलं होतं, आणि सुनेला कॅमेरा धरता येतो हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. दहाव्याला सगळी कबुली पुरुषांनी दिली होती, तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी तीच कमांड पुन्हा दिली. वरचा बाण दाबला की मागची कमांड जशीच्या तशी येते, एक अक्षर बदललं नाही. एंटर. या वेळी एरर नाही. कुलूप गेलं होतं.

पहिलाच व्हिडिओ वहिनीने काढलेला, सगळं चित्र हलत होतं. अंगणात दादा उभा, हसतोय. "हात कायले हालवून राह्यली? मी कुठी पयून नाई चाल्लो."

वहिनी तेव्हा रडली. मीही रडले, लपवत नाही. मामांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, मग फोन काढून गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

आता 'केबल लूज असेल' म्हणणाऱ्यांसाठी — लूज केबलचा एरर वेगळा असतो, परवानगीचा वेगळा. हे मी पोरांना शिकवते. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग मला तो करून दाखवा. त्या दिवसाचं स्क्रीनवरचं सगळं मी जपून ठेवलंय, कधीही या. माझ्यापुरतं सांगते, मी अजूनही भूतबीत मानत नाही. फक्त, रूटला नाही म्हणणारी डिस्क वहिनीला हो का म्हणाली, ते मला आजही सांगता येत नाही.