उतारावर लावलेली गाडी

रोहिणखेडच्या एका निवृत्त गुरुजींनी मला फसवलं. गाडी विकताना नव्हे, विकून झाल्यावर. हा फरक गावात कोणालाच कळत नाही, म्हणून तो लिहून ठेवतो आहे.

धामणगाव बढेला माझं शेतीच्या मोटारींचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी, त्यांचे स्टार्टर, केबल, पाईप. सुरुवात मी बसस्टँडवर टोपलीतून काकड्या विकण्यापासून केली, त्यामुळे वस्तूची किंमत तोंडाने ठरते हे मला लवकर कळलं. आसपास कोणाला बैलजोडी घ्यायची असो की जुना ट्रॅक्टर, लोक मला सोबत न्यायचे. मी नुसता बाजूला उभा राहिलो तरी विकणारा थोडा खाली येतो, असं माझं नाव होतं. होतं, असंच लिहावं लागतं.

गुरुजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी गाडी विकायला काढली. एकोणीस वर्षांची पांढरी पेट्रोल गाडी. तिच्यासोबत एक खाकी पुठ्ठ्याची वही होती, तिच्यात गाडीचं प्रत्येक दुखणं तारीखवार, सुवाच्य अक्षरात. विकणाऱ्याने असली वही गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी ती त्यांच्याच ओसरीवर बसून मोठ्याने वाचली. क्लचप्लेट दोनदा. रेडिएटर एकदा. मागच्या दाराचा गंज, चालू. एकेका ओळीला मी त्यांना थोडं थोडं खाली आणत गेलो. अक्षर त्यांचंच, नाही कसं म्हणतील? तासाभरात गाडी त्यांनी मनात धरलेल्या किमतीच्या जवळपास निम्म्यावर आली.

मी वही मिटून परत दिली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "शेवटचं पान पाहून घ्या."

"पान राहू द्या गुरुजी, शेवटचा आकडा सांगा."

त्यांनी आकडा सांगितला आणि वही त्यांच्याच हातात राहिली. सौदा लांबवायला लोक काय काय काढतात, मला ठाऊक आहे.

घरी आल्यावर मी गाडी झाडून काढली. जुन्या वस्तूत मालकाचं काही ना काही राहून जातं, आणि ते सौद्यात धरलेलं नसतं. सीटखाली खांद्यापर्यंत हात घातला तर एक पाना हाताला लागला. कशात तरी अडकला होता, जोर लावून ओढून काढला. चांगला, जाड, जुन्या लोखंडाचा. बायकोला दाखवून म्हणालो, हे सौद्याच्या वर फुकट आलं. ती म्हणाली, "अजून काही राह्यलं असन तं आत्ताच पाहून घ्या. नाहीतं रातभर झोप नाही लागायची तुमाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली. समोरचे दिवे लागले, हॉर्न वाजला, पण इंजिनाने हूं का चूं केलं नाही. साधी टकसुद्धा नाही. शेजाऱ्यांनी धक्का दिला तेव्हा मात्र दुसऱ्या गिअरमध्ये चटकन चालू झाली.

मी गुरुजींना फोन लावला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात चोर हा शब्द तीनदा होता, हे खरं आहे. श्वास घ्यायला थांबलो तेवढ्यात त्यांनी शांतपणे विचारलं, "धक्क्यानं चालू होते ना?"

होते, म्हणालो.

"मग उतारावर लावत जा."

मी फोन कापला. पण माझी सगळी तक्रार या एका वाक्यावर उभी आहे.

पुढचे दोन महिने मी उतार शोधत जगलो. इतकी वर्षं गावात राहून गावाची जमीन कुठे कलते हे मला माहीत नव्हतं, ते पाठ झालं. बँक सपाटीवर, म्हणून बँकेत पायी. दवाखान्याच्या बाजूला थोडा उतार, म्हणून दोन गल्ल्या सोडून कुठेही काम असलं तरी गाडी दवाखान्यापाशी. आल्यागेल्याने तब्येत विचारायला सुरुवात केली. वडनेर भोलजीला एका लग्नाला गेलो, तर मांडव सपाट शेतात. जेवून उठलेल्या वऱ्हाडाने गाडी ढकलली. नवरदेवाचा मामा घाम पुसत म्हणाला, "सौदा जबरा केला भाऊ. गाडीसंगं ढकलणारे बी फुकट."

रोगाचं निदानही फुकट मिळत होतं. कोणी म्हणे बॅटरी गेली, कोणी म्हणे स्टार्टर जळला. बॅटरी मी नवी टाकली. काही फरक नाही. मोताळ्याच्या रस्त्यावर एक जाणता मिस्त्री आहे, पण तो गाडीला हात लावण्याआधी नुसतं पाहायचे पैसे मागतो. पाहायचे पैसे मी कधी कोणाला दिले नाहीत. डोळे त्याचे तसेही उघडेच असतात.

तोवर माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो की रोहिणखेडचे गुरुजी लबाड निघाले. ऐकणाऱ्यांत त्यांचे विद्यार्थीही होते. काही मान खाली घालायचे. गुरुजी आमच्या बाजाराला यायचे बंद झाले, असं कळलं. मला वाटलं, लाजले.

मग माझं एक जुनं गिऱ्हाईक ट्रॅक्टर पाहायला गेलं आणि मला न नेता गेलं. सोबत नेलं कोणाला, तर माझ्या शेजारच्या खतवाल्याला. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तुमची गाडी पाह्यली ना भाऊ." त्या दिवशी मी गाडी मिस्त्रीच्या दारात उभी केली आणि पाहायचे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

त्याने आधी दिवे लावले आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. स्वतः समोर उभा राहून दिव्यांकडे पाहत राहिला. म्हणाला, दिवा जरासा बी मंद नाही झाला, म्हणजे स्टार्टरकडे करंटच जाऊन नाही राह्यला. मग गिअर काढून, स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरचे दोन बोल्ट एकमेकांना भिडवले. ठिणगी उडाली आणि इंजिन गरकन फिरलं. म्हणजे बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला. माझी जुनी बॅटरीही चांगलीच होती, हे त्याने न विचारता सांगितलं. उरली ती किल्लीपासून स्टार्टरपर्यंतची बारीक वायर. तिचा माग काढत तो गाडीत शिरला, पायाखालचं मॅटिंग उचललं. तिथे दोन जास्तीच्या वायरी होत्या, नीटनेटकी पट्टी गुंडाळलेल्या. त्या सीटखाली गेल्या होत्या. त्याने हात घातला, खांद्यापर्यंत. मी घातला होता तसाच.

टक् असा आवाज आला. "फिरवा किल्ली," तो म्हणाला. गाडी चालू झाली.

मिस्त्रीने हात पुसले. "भाऊ, मोटर चालू नाही होत म्हणून मानूस तुमच्या दुकानात बोंबलत येते, तं तुमी पयले काय इचारता त्याले?"

आमच्याकडे कोणीही आलं तरी मी एकच विचारतो: आधी मेन स्विच पाह्यला का?

तसाच रोहिणखेडला गेलो. गुरुजी ओसरीवर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी आतून वही आणायला लावली आणि न पाहता शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. लाल शाईत लिहिलं होतं: चालकाच्या सीटखाली चोरबटण आहे. ते बंद असल्यास किल्लीने इंजिन फिरत नाही. नव्या मालकास आवर्जून सांगणे.

"मग सांगितलं काऊन नाही?" मी विचारलं.

"सांगूनच राह्यलो होतो. पयल्या दिवशी तुमाले आकडा पाहिजे होता. फोनवर बी सांगणार होतो, तं तुमी मले तीनदा चोर म्हटलं." त्यांनी वही मिटली. "बटण चोरासाठीच लावलं होतं. म्हटलं, करू द्या त्याले त्याचं काम."

चहा आला. मी घेतला नाही.

आता माझ्याकडचं मी मान्य करतो. वही मी घेतली नाही. पाना मी ओढला, बटण त्यानेच बंद झालं. दुकानात जे बोललो ते मीच बोललो, आणि ते मी त्याच दुकानात परत घ्यायला तयार आहे. पण फोनवर त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात गाडी चालू झाली असती, आणि त्याने दुसरं वाक्य निवडलं. दोन महिने माझं नाव गावाच्या एकेका उतारावरून घरंगळत गेलं ते त्या वाक्याने. आयुष्यभर लेकरांना खरं बोला म्हणून शिकवणाऱ्याने याचं उत्तर द्यायला नको? ओसरीवर नव्हे. बाजाराच्या दिवशी, माझ्या दुकानात, मी बोललेलं ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांसमोर: बटण माहीत असताना, गुरुजी, तुम्ही मला उतार काऊन दाखवला? तारीख त्यांनी सांगावी. न्यायला मी येतो, आणि गाडी त्यांच्या दारासमोर, सपाटीवर उभी करतो.