खिडकीजवळची खाट
लाल साबणाचा उग्र वास आला की मला नाशिकच्या एका दवाखान्यातला पुरुषांचा वॉर्ड आठवतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नर्सिंग शिकत होते आणि लहान मुलांच्या वॉर्डातून नुकतीच तिकडे आले होते. खिडकीजवळच्या खाटेवर सटाण्याकडचे एक म्हातारे शेतकरी होते. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली होती. पडून पडून पाठ लाल झाली होती, जखम व्हायची भीती होती, पण ते कुणालाच अंग पुसू देत नव्हते. मी कोमट पाण्याची बादली ठेवली आणि मुलांच्या वॉर्डातल्या सवयीने म्हणाले, "चला बाबा, शहाण्यासारखं अंग पुसून घेऊ." त्यांनी तोंड फिरवलं. "मी काय धाकला पोऱ्या शे का?" जीभ जड होती, तरी शब्द कळले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात मला दिसलं, डाव्या हाताने त्यांनी चादर चांगली घट्ट धरली होती. मी पडदा ओढला, ओलं फडकं त्या हातात दिलं आणि पाठ फिरवून उभी राहिले. बायको फडकं पिळून देत होती. त्यांनी तोंड पुसलं, छाती पुसली, निकामी झालेला हातही सावकाश पुसला. मग म्हणाले, "पोरी, पाठवर मना हात जात नही. तू पूस." पुसून पावडर लावेपर्यंत त्यांना झोप लागली होती. मला निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण कुणी माझ्यावर भरवसा टाकल्याची गोष्ट निघाली की आधी ती रुंद, उन्हाने रापलेली पाठच डोळ्यांसमोर येते.