पेन्सिलीतली ओळ

साक्षीवाल्या सरांना नुसतं "बाहेर पाऊस येऊन राहिला" म्हटलं तरी ते विचारायचे, "कोनं पायला?" साकोलीच्या एका कॉलेजात ते आम्हाला इतिहास शिकवायचे, तासिका तत्त्वावर. खरं नाव वेळापत्रकात होतं, पण ते कुणी घ्यायचं नाही.

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, इतिहास का घेतला? निम्म्यांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता, उरलेल्यांना स्पर्धा परीक्षा द्यायची होती. मी दिघोरीची, धानाच्या बांधीतून उठून वर्गात बसलेली. मला फक्त नोकरी हवी होती. सर रागावले नाहीत. शिक्षकी, संग्रहालय, जुन्या दफ्तरांचं काम, वर्तमानपत्र, सरकारी कचेरी, सगळं फळ्यावर लिहून म्हणाले, "काहीबी व्हा. पन कागदाच्या मांगं मानूस रायते, तेवढं इसरू नका." ते स्वतः पीएचडी होऊनही दर जूनला नेमणुकीच्या नव्या आदेशाची वाट बघत. त्याविषयी कुणी विचारलं की हातावरचा खडू झटकत बसायचे.

शनिवारी ते आम्हाला गोसीखुर्द धरणात बुडालेल्या एका गावाच्या नव्या वसाहतीत न्यायचे. जुन्या गावातल्या एकेका घराची माहिती माणसांना विचारून वहीत लिहायची. ते गाव त्यांचंही होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. नियम एकच होता. "एकानं सांगतलं त पेन्सिल. दुसऱ्यानं तेच सांगतलं त पेन."

पार्बताबाईच्या घराची नोंद मी केली. पुनर्वसनाच्या यादीसाठी मोजणीवाले आले त्या दिवशी ती परगावी धान लावायला, रोवण्यावर गेली होती. घराला कुलूप, म्हणून यादीत नाव नाही, आणि नाव नाही म्हणून वसाहतीत जागा नाही. भाच्याच्या पडवीत राहायची बिचारी. दोन शेजाऱ्यांनी वेगवेगळं बसून तेच घर सांगितलं, अगदी दारातल्या सीताफळासकट. मी ओळींवरून पेन फिरवला. सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "आता हे घर बुडत नाही."

पुढे मी परीक्षा पास झाले आणि जिथं वसाहतीतल्या जागेसाठी अर्ज येतात त्याच कचेरीत लागले. एका दुपारी पार्बताबाईला घेऊन सर माझ्या टेबलापुढे उभे राहिले. अर्जासोबत ती वही होती. सरकारी कागदाशिवाय काही घ्यायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती, आणि माझी नोकरी नवी होती. वही मी साहेबांपुढे नेली नाही. उघडलीसुद्धा नाही.

"अक्षर तुयं होय न?" सरांनी विचारलं.

"हो सर. पन हा पुरावा नाही होत."

सर वाद घालतील असं वाटलं होतं. ते वही उचलून, पार्बताबाईचा हात धरून पायऱ्या उतरून गेले.

पार्बताबाई त्याच उन्हाळ्यात भाच्याच्या पडवीतच वारली. जूनमध्ये सरांचा आदेश आला नाही. दिवाळीनंतर तेही गेले, आणि त्यांच्या पत्नीनं वही माझ्याकडे पाठवली.

शेवटच्या पानावर सरांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं आहे: "नोंद करणारीनं स्वतःचीच नोंद न उघडता परत केली. साक्षीदार एक, मी. साक्षीदार दोन," आणि पुढे जागा कोरी.

दुसरी साक्षीदार मीच. मला माझी लाज वाटते. कचेरीत दिवसभर पेन माझ्या हातात असतो, आणि ती ओळ अजून पेन्सिलीतच आहे.