कडं पाडणारा पोक्वा

आमच्या कारेन बोलीत पोक्वा म्हणजे पोरगा. पोरींच्या पाठीवर हा झाला, तेव्हा आईने आनंदाच्या भरात तीच हाक मारायला सुरुवात केली आणि खरं नाव ठेवायचं राहूनच गेलं. कानशिलं पांढरी व्हायला लागली तरी ठीखी गावातली शेंबडी पोरं त्याला ‘पोरगाकाका’ म्हणत आणि तो गडगडून हसे. हसरा माणूस होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्या हसण्याचं काम पडणार नाही.

त्याचा धंदा साग मारण्याचा. ओला साग तोडून पाण्यात टाकला तर धोंड्यासारखा तळाला जातो, म्हणून त्याला आधी जागच्या जागी मारावा लागतो. खोडाभोवती कुऱ्हाडीने कडं पाडायचं. साल काढायची, रसाचं लाकूड काढायचं, गाभ्याला टेकायचं आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. झाड पडत नाही. उभं राहून पानं गाळतं, दोन-तीन पावसाळे वाळत राहतं. मग ते तोडून हत्तींनी सालवीन नदीपर्यंत ओढलं की तरंगत तरंगत मौलमेनच्या वखारीला लागतं. पोक्वाचा हात असा होता की त्याने कडं पाडलेलं झाड पुन्हा पालवलं, असं कधी झालं नाही. लांबलांबचे व्यापारी त्याला बोलावून नेत. बायको मूला कधी कधी चिडवायची, “झाडांनी तोंड उघडलं तर तुला वाटेत कुणी भात घालायचं नाही.”

तो म्हणायचा, “झाडांना तोंड नाही म्हणून तर आपल्या तोंडात भात पडतोय.”

आता आमच्या गावाची एक गोष्ट. मूल जन्मलं की बाप त्याची नाळ बांबूच्या नळकांड्यात घालतो आणि रानात जाऊन झाडाला बांधतो. मुलाचा जीव त्या झाडात राहतो. झाड जोमात तर मूल जोमात. झाडाला कुऱ्हाड लागली तर मुलाचं काय होतं ते विचारायची गरज नाही. ही रीत सगळ्या डोंगरांत आहे. बाकीची गावं फणसाला बांधतात, आंब्याला बांधतात. आमचे पूर्वज जास्त शहाणे. ब्रह्मी राजांच्या काळी साग हे राजाचं झाड होतं. त्याला हात लावणाऱ्याचा हात जायचा. तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी डोकं चालवलं, की ज्या झाडाला कुणी बोट लावू शकत नाही त्याच्याइतकी जिवाला सुरक्षित जागा दुसरी कुठली? आणि गावामागच्या उतारावर सागालाच नाळा बांधल्या. पुढे राजा गेला, इंग्रज आला, आणि त्याला जगातल्या सगळ्या झाडांत नेमका सागच हवा होता.

आणखी एक. आपलं झाड कुठलं ते कुणाला सांगायचं नसतं. नळकांडं वर्षा-दोन वर्षांत कुजून गळून पडतं, मग ते झाड फक्त आईबापांना ठाऊक. भावालाही सांगायचं नाही. भांडण झालं आणि एखाद्याने रागाच्या भरात कोयता मारला तर? लेकराचा जीव असा वाऱ्यावर टांगून ठेवतं का कुणी?

पोक्वाला एकच मुलगी, पॉवा. लग्नानंतर फार उशिरा झालेली. तिचं झाड उताराच्या अगदी माथ्यावर होतं, सरळसोट. ती पाच-सहा वर्षांची होईतो त्याने अर्ध्या डोंगराचे साग मारले असतील, पण कामावरून येताना लांबचा वळसा घालून या झाडावर एक नजर टाकल्याशिवाय तो घरात पाय ठेवत नसे.

त्या वर्षी सरकारने डोंगरांचे तुकडे पाडले आणि मौलमेनच्या कचेरीत लिलाव पुकारला. त्यात आमचा उतारही होता, जमिनीसकट सागवान. गावचा मुखिया लेबो गावाचा काशाचा ढोल घेऊन निघाला. वरच्या कडेला बेडूक बसवलेला, आजोबा-पणजोबांच्या वेळचा. आमच्याकडे खुनाची भरपाई या ढोलाने होते, सोयरिकी या ढोलावर जुळतात. एक डोंगर त्याने सुटणार नाही, असं कुणाच्या मनातही आलं नाही. ढोल टांगलेली काठी खांद्यावर घेऊन पोक्वा पुढे होता.

कचेरीच्या अंगणात व्यापारी खुर्च्यांवर बसले होते. कुणी काय घ्यायचं ते त्यांनी सकाळीच पान खाता खाता आपसांत ठरवून टाकलं होतं. आमच्या उताराचं नाव पुकारलं तशी लेबोने ढोलावरचं कापड ओढलं आणि छाती काढून उभा राहिला.

दुभाषा म्हणाला, “बाबा, बोली रोख रुपयांत असते.”

“हे रुपयांच्या वरचं आहे,” लेबो म्हणाला.

“मग वाजवून दाखव ना,” मागून एक जण ओरडला, “किती वेळा वाजतो त्यावरून आकडा कळेल!”

अंगण हसून हसून लोळलं. खरी गंमत ही, की लेबोने खरंच वाजवला. त्याला वाटलं, माल पारखून घेतायत. ऊ श्वे टोक नावाच्या व्यापाऱ्याने हसू आवरत एकदाच बोट वर केलं आणि उतार त्याचा झाला.

तेव्हा लेबो लिलाव घेणाऱ्या इंग्रज साहेबाच्या पायांवर पडला आणि जी गोष्ट परक्याला सांगायची नसते ती भर अंगणात रडत सांगितली. नाळा, झाडं, पोरांचे जीव. साहेब वाईट माणूस नव्हता, हेच आमचं दुर्दैव. वाईट असता तर त्याने हाकलून दिलं असतं आणि गाव एकजुटीने काहीतरी करून बसलं असतं. साहेब विरघळला. म्हणाला, मी स्वतः येतो. प्रत्येक बापाने आपल्या मुलाचं झाड दाखवावं. त्याला चुन्याचा पट्टा मारू आणि ते विक्रीतून वगळू. बाकीच्यांवर विक्रीचा सरकारी हातोड्याचा छाप.

गावात परतल्यावर लेबो आनंदाने नाचायचाच बाकी होता. मूला मात्र नवऱ्याला म्हणाली, “तू खरं झाड दाखव. एवढं ऐक माझं.”

“सगळ्या गावासमोर? त्या व्यापाऱ्याच्या माणसांसमोर?”

“हो. सगळ्यांसमोर.”

“वेडी आहेस. कडं पाडायला व्यापाऱ्याने मलाच बोलावलंय. कुऱ्हाड माझ्या हातात असताना आपल्या झाडाला कोण हात लावतो?”

साहेब आला, चुन्याची बादली आली. एकेक बाप पुढे व्हायला लागला, बाप नसेल तिथे आई. आणि पोक्वाच्या लक्षात आलं, सगळे खोटं दाखवतायत. लेबोने स्वतःच्या नातवासाठी कसलं तरी वाकडं झाड दाखवलं. कुणी डोळे मिटून बोट केलं, कुणी जवळ पडलं ते सांगितलं. सगळ्यांचं गणित एकच. खरं सांगितलं तर उद्या शेजारी आपल्या लेकराच्या मानगुटीवर बसेल. खोटं सांगितलं तर बिघडतं कुठे, खरं झाड कदाचित दुसऱ्या कुणाच्या बोटाखाली येऊन वाचेल. पोक्वाची विधवा बहीण सेसे, हिला डोटू नावाचा एकच मुलगा, तिनेही ओढ्याकाठच्या एका झाडाकडे हात केला आणि पोक्वाने बहिणीच्या डोळ्यांत पाहून ओळखलं, हेही खोटं.

तेव्हा तो ओरडला असता, “अरे, थांबा, सगळ्यांनी खरं सांगा,” तर गाव वाचलं असतं. पण मग पहिलं खरं त्यालाच सांगावं लागलं असतं. म्हणून तो आपली पाळी आली तेव्हा दोन फांद्यांच्या बेचक्याचा एक साग दाखवून मोकळा झाला. साहेबाचा माणूस चुना मारत होता तेव्हा सेसेने हातातली सुपारी तोंडात टाकली आणि कितीतरी दिवसांनी ती हसल्याचं त्याने पाहिलं. का हसली, ते त्याला कळलं नाही.

कामाला सुरुवात झाली. हातोड्याचा छाप असलेल्या एकेका झाडाला पोक्वा कडं पाडत वर सरकत गेला. मागे ऊ श्वे टोकचा मुकादम मॉंग न्यो, साग मारण्यात म्हातारा झालेला माणूस. गावातले बायाबाप्ये लांबून बघत. एखाद्या झाडावर कुऱ्हाड पडली की कुणीतरी एकदम मान वळवी, कुणी घराकडे चालू लागे. कोण वळलं ते पोक्वाला दिसे आणि कळे. तो कडं पाडत राहिला. माथ्यावरचं आपलं झाड त्याने शेवटी ठेवलं.

त्या झाडाशी आला तेव्हा त्याने साल तेवढी सोलली, वरवर कुऱ्हाड फिरवली आणि निघाला. मॉंग न्योने त्या खाचेत बोट घातलं.

“काय रे पोरगाकाका, थकलास? आत रस तसाच आहे की. हे तर पुढच्या पावसात पालवेल.”

“आज हात दुखतोय.”

“मग उद्या खोल कर. मी बघायला येतो.”

पोक्वाने कुऱ्हाड खाली ठेवली. “दादा, हे माझ्या मुलीचं झाड आहे.”

“तुझ्या मुलीचं त्या खाली आहे, बेचक्याचं. चुना मारताना मी होतो की तिथे.”

“ते खोटं सांगितलं.”

मॉंग न्यो खो खो हसला. “म्हणजे सगळ्यांनीच? अरे देवा! मला तरी काय, मालकाला झाडं भरली म्हणजे झालं. हे ठेव. पोचारा लावून साल बांध, जगेल. त्याच्या बदल्यात ते बेचक्याचं मार.”

पोक्वा उतार उतरून आला. बेचक्याच्या सागाला पाठ लावून सेसे उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं, आणि ती इतकी पांढरी पडली होती की चुन्याचा पट्टा तिच्यापेक्षा काळा दिसावा.

“पोक्वा, इकडे कुठे?” ती म्हणाली. “या झाडाला चुना आहे.”

“बाजूला हो, ताई.”

“हे तुझ्या पॉवाचं झाड आहे ना? तूच दाखवलंस. सगळ्यांसमोर दाखवलंस.”

त्याने खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली.

“बाप असून तू स्वतःच्या पोरीच्या झाडाला कुऱ्हाड लावणार?” ती म्हणाली. खरं काय ते मात्र ती सांगेना. सांगितलं तर लेकराचा जीव उघडा पडणार, हेच तिला आईने शिकवलं होतं. “बोल ना. पॉवाचं आहे की नाही?”

“नाही,” पोक्वा म्हणाला.

“मग कुणाचं आहे?”

तेव्हा त्याला चुना मारायच्या दिवशीचं तिचं हसू कळलं. त्याच्या खोटेपणाने आयताच तिचा डोटू वाचला होता आणि ती त्या दिवसापासून निश्चिंत झोपत होती.

वरून मॉंग न्यो ओरडला, “अंधार पडायच्या आत आटप रे!”

“ताई, बाजूला हो,” पोक्वा पुन्हा म्हणाला. ती झाली. बाजूला होऊन तिने शेवटपर्यंत बघितलं. त्याने या झाडाला वरवरचं कडं पाडावं, एवढं तरी करता आलं असतं. पण मुकादम बघत होता आणि पोक्वाची कुऱ्हाड धारेची होती. गाभ्याला टेकली तेव्हाच थांबली.

उतार उभाच होता, हीच त्यातली सगळ्यात दुष्ट गोष्ट. झाडं पडली असती तर लोक एकदाच रडले असते. गाव रोज सकाळी उठून वर बघायचं. कुठल्या झाडाची किती पानं राहिली ते बघायचं आणि मग आपल्या पोराच्या कपाळाला हात लावायचं. मुलाने भात टाकला तरी आई धावत बाहेर येऊन उताराकडे बघायची. पावसाळ्यात शेजारच्या डोंगरावरचे आधी वाळलेले साग ओढायला ऊ श्वे टोकची माणसं आणि हत्ती तळ ठोकून राहिले आणि त्यांच्याबरोबर ताप आला. असल्या तळांबरोबर तो येतोच. गावातली मुलं एकामागून एक गेली. डोटू सगळ्यांत आधी गेला. लेबोचा नातू गेला. कुणी व्यापाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत, साहेबाला दिल्या नाहीत, तापाला तर नाहीच.

पॉवाला शिंकही आली नाही. गालांवर लाली, डोक्यावर फुलं, ओरडत गावभर हिंडायची. लोक तिच्याकडे बघत, मग चुना नसताना हिरव्या राहिलेल्या माथ्यावरच्या त्या एकट्या झाडाकडे बघत. पोक्वाला कुणी काही बोललं नाही. त्याच्या घरी तांदळाची दारू प्यायला येणंही कुणी बंद केलं नाही. फक्त ‘पोरगाकाका’ म्हणणारी तोंडं फारशी उरली नव्हती.

मग मनगटाला दोरा बांधायचा सण आला. वर्षातून एकदा आम्ही भरकटलेले जीव घरी बोलावतो. घरातली मोठी बाई जिन्याच्या पायरीवर पळी आपटते, जिवाला नावाने हाक मारते, तो आला की पांढरा दोरा बांधते, वर भाताचा लाडू आणि केळं देते. मूला पळी घेऊन बसली होती, तेवढ्यात सेसे पायऱ्या चढून आली. तिने मूलाच्या हातातून पळी घेतली. मूलाने दिली.

सेसेने पायरीवर पळी आपटली. “ये, परत ये,” ती म्हणाली. “ओढ्यातून ये, रानातून ये, त्या वाळलेल्या झाडातून ये. डोटू, ये बाळा, घरी ये.”

पोक्वा उठला, पण मूलाने त्याचं मनगट धरलं.

“आलास का, डोटू?” सेसेने पॉवाच्या डोळ्यांत बघून विचारलं.

पॉवाचं लक्ष लाडवाकडे होतं. जीव आला का असं विचारलं की मान हलवायची असते, एवढं तिला माहीत होतं. तिने मान हलवली. सेसेने दोरा बांधला, गाठ मारली, भाचीला नव्हे, लेकाला भरवतात तसं घासाघासाने भरवलं. तिच्यामागे लेबोची सून जिन्यावर उभी होती, तिच्यामागे आणखी बायका, प्रत्येकीच्या हातात दोरा. प्रत्येकीने आपापल्या गेलेल्या पोराचं नाव घेऊन हाक मारली. पॉवा दर वेळी मान हलवत गेली आणि तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा झाला.

पोक्वा दोरे तोडायला वाकला. बांधलेला दोरा तोडला तर जीव जातो. कुणाचा जाईल ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने हात मागे घेतला.

“सोड त्यांना,” मूला म्हणाली. “त्यांचीच पोरं आहेत आता तिच्यात.”

संध्याकाळी सेसे पॉवाचा हात धरून आपल्या घराकडे निघाली. पोर उड्या मारत चालली होती, मागे वळून बघत होती, बाप बोलावतो का. पोक्वा जिन्यात उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारली असती, पण कुठल्या नावाने मारायची ते त्याला सुचेना.